जावयानं आणलेला कंप्रेसर

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची सवय मला कधीच नव्हती. वैशालीच्या वेळी तू वळसंगला माहेरी होतीस तेव्हा एक कार्ड टाकलं होतं, आणि त्यातही विचारलं होतं काय, तर दूधवाला पाणी घालतोय असं वाटतंय, बदलू का? त्यावरनं तू पुढं तीस वर्षं हसत राहिलीस. पण आज सकाळी फोनवर एक बोलणं झालं. फोन ठेवल्यापासून मी या खोलीतनं त्या खोलीत फिरतोय. कुणाला तरी सांगायला हवं, आणि असलं काही सांगायला मला माणूस एकच होतं. तेव्हा बस आणि ऐक. मध्येच "अहो, पुरे की आता" म्हणू नकोस.

विषय तुझ्या जावयाचा आहे.

हो, तुझ्याच! मी त्याला माझा जावई कधी म्हटलं? सहा वर्षांपूर्वी आपला फ्रिज बंद पडला, दुरुस्तीला हा मल्लिनाथ आला, आणि फ्रिज चालू करून मुलगी घेऊन गेला. एका दुरुस्तीसाठी तीनदा आला तेव्हाच मला संशय आला होता, पण मी आपला गॅस खरंच भरला का, पार्ट खरंच बदलला का, हेच बघत बसलो. नको तिथं डोळ्यात तेल घातलं. तू मात्र चौथ्या खेपेला त्याला शेंगाची चटणी बांधून दिलीस. पुढं अक्कलकोटला त्याचं स्वतःचं दुकान झालं, वैशाली तिथल्याच शाळेत लागली, दोघांचं चांगलं चाललंय, सगळं मान्य. तरी मी त्याच्याशी बोलायचो ते तुझ्याकडं बघून.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. तहसिलात बत्तीस वर्षं लोकांचे दाखले तपासण्यात गेली. शाई वेगळी दिसते का, जन्मतारखेत खाडाखोड आहे का, शिक्का आधी मारलाय की सही आधी केलीय. घरी आलो म्हणून ते डोळे खुंटीला अडकवून ठेवता येत नव्हते, त्याला मी काय करू? भाजीवाल्याच्या तराजूपासून डॉक्टरच्या डिग्रीपर्यंत सगळं उलटून-पालटून बघायचो आणि शेवटी तुझ्याकडं वळायचो. तू म्हणालीस, "घ्या हो, बरंय," की घ्यायचो. आता ते म्हणणारं कुणी नाही. तू जाऊन सात महिने झाले आणि या सात महिन्यांत मी घरात एक नवी वस्तू आणलेली नाही. खोटं वाटतंय? गाळणी तुटली तर फडक्यानं गाळतोय.

आणि अशा माणसाला घ्यायचा होता एअरब्रश!

ते विमान आठवतं ना? निवृत्त झाल्यावर मी प्लॅस्टिकची विमानं जोडायला लागलो तेव्हा तू कपाळाला हात लावला होतास. तुकड्यांचा खोका येतो, तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. "शाळेतली पोरं करतात ते तुम्ही आता करा," असं म्हणून तूच जुन्या परातीत मला सगळं सामान मांडून दिलंस. पाच-सहा लढाऊ विमानं झाल्यावर एके दिवशी म्हणालीस, "सारखी काय ती बॉम्ब टाकणारी? एखादं माणसं बसायचं करा की. खिडक्या असलेलं."

म्हणून ते प्रवासी विमान मागवलं. तुला खरोखरच्या विमानात बसवायचं राहिलं ते राहिलंच. हैदराबादला जाऊ, बेंगळुरूला जाऊ म्हणत राहिलो, आणि दर वेळी मला त्या तिकिटाच्या साइटचाच संशय यायचा. आपल्या कार्डाचा नंबर त्यांना कशाला हवा? तू दोनदा बॅग काढून पुसून ठेवलीस. हे माझं चुकलं, सुमन. याला मी दुसऱ्या कुणाला जबाबदार धरत नाही.

विमान जोडून झालं, पण रंग पांढरा. पांढरा रंग ब्रशनं मारणं फार वाईट. एक हात मारला तर खालचं राखाडी प्लॅस्टिक दिसतं, तीन मारले तर थर चढतात. तू चष्मा लावून जवळनं बघितलंस आणि म्हणालीस, "रेघा दिसतात की हो. चुना मारल्यागत." मला असा राग आला! मी ब्रशला नावं ठेवली, रंगाला ठेवली, रंग विकणाऱ्याला ठेवली. घासून पुन्हा मारला, पुन्हा घासला. खरं कारण मला माहीत होतं. ते मी तुला सांगितलं नाही. पुढं सांगतो, एकदम धीर होत नाही.

तू गेल्यावर विमान तसंच कपाटावर पडून होतं. श्रावण लागला तेव्हा मी ठरवलं, आता हे पुरं करायचंच, आणि ब्रशनं नाही, एअरब्रशनं. पेनाएवढं यंत्र असतं ते. वर रंगाची छोटीशी वाटी, मागनं कंप्रेसरची हवा, आणि पुढच्या बारीक तोंडातनं रंग धुक्यासारखा उडतो. विमानाला काही टेकवायचंच नाही, मग रेघ येणार कुठनं? इतपत पटलं. पण घ्यायचा कुठला?

फोनवर व्हिडिओ बघितले. एक जण म्हणतो, पहिला एअरब्रश साधाच घ्या, बिघडला तरी हळहळ नको. दुसरा म्हणतो, साधा घेतलात तर महिन्यात छंद सोडाल. भांडण जोरात, पण दोघांच्या मागच्या टेबलावर कंप्रेसर एकच! आता याला साटंलोटं म्हणायचं नाही तर काय? तिसरा माणूस बरा वाटला. सुईचं तोंड केवढं असावं, फार बारीक घेतलं तर रंग कसा तुंबतो, हे त्यानं नीट समजावलं. मी मान डोलवत होतो. शेवटी म्हणतो कसा, लिंक खाली दिली आहे. गेला तोही!

मग सात रस्ता चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. रंग, हार्डवेअर, असलं सगळं ठेवतात. दुकानदार मागच्या खोलीतल्या बायकोशी तेलुगूत बोलतो आणि माझ्याशी मराठीत, त्यामुळं आत काय ठरतंय ते मला कळायला मार्ग नव्हता.

"काका, दोन जात असते," त्यानं दोन्ही पेनं काचेवर ठेवली. "एकात बटण दाबलं की हवा आणि रंग संगटच. दुसऱ्यात दाबलं की हवा, मग मागं ओढलं की रंग. जेवढं ओढाल तेवढा. हात बसायला जरा वेळ लागतो, पण हेच घ्या."

"हेच का?"

"सगळे हेच घेतात."

"सगळे घेतात म्हणून मी घ्यायचा?"

"मग नका घेऊ."

आता सांग! विकायला बसलेला माणूस 'नका घेऊ' म्हणतो तेव्हा त्यात काही गोम नसेल? कंप्रेसरचंही तेच. म्हणाला, टाकी असलेलाच घ्या, हवा आधी टाकीत साठते आणि एकसारखी येते, बिनटाकीचा धापा टाकत हवा सोडतो आणि रंगाचे ठिपके उडतात. मला वाटलं, टाकीवाला मोठा, म्हणून हा तोच गळ्यात मारतोय. मी चार वेळा त्या दुकानात गेलो आणि चार वेळा रिकाम्या हातानं आलो. चौथ्या वेळी तो मला बघून नुसता हसला. ते हसणंही मला आवडलं नाही.

हे मी वैशालीला फोनवर सांगितलं. चूक तिथं झाली. कारण पुढच्याच रविवारी मल्लिनाथ दारात, हातात खोका आणि खांद्याला पिशवी.

"मामा, कंप्रेसर आणलोय. टाकीवाला हाय. आवाज लई न्हाई, आपल्या फ्रिजवाणी."

"कुणी सांगितलं आणायला?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"आणलो आपलं."

आणलो आपलं! असं कुणी काही आणतं का? आपल्यात जावयाला द्यायचं असतं. धोंड्याच्या महिन्यात त्याला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. त्याच्याकडनं घ्यायचं नसतं. माझी आई तर माझ्या बहिणीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही, उन्हाळ्यात घरनं तांब्या घेऊन जायची. आणि इथं जावईच सासऱ्याला आहेर करतोय. बरं, त्याच आठवड्यात वैशाली म्हणाली होती, "बाबा, एकटे कशाला राहता, अक्कलकोटला आमच्याकडं या की." दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघ. म्हाताऱ्याला आधी खेळणं द्यायचं, मग हळूच उचलून न्यायचं, आणि हे घर मोकळं! मला तर तिथल्या तिथं सगळं दिसलं.

त्याच्यासमोरच मी खोका तपासला. चिकटपट्टी कापून पुन्हा लावलेली. नळीच्या सांध्यांवर पांढरे वाळलेले डाग. म्हणजे वापरलेला! आणि पिशवीतनं एअरब्रश निघाला तो काय होता माहितीये? पेनासारखा नाहीच. पिस्तुलासारखा! खाली मूठ आणि पुढं घोडा. रंगपंचमीला पोरांच्या हातात देतात तसा. दुकानदार, ते तिन्ही व्हिडिओवाले, सगळ्यांनी सांगितलेला पेनाचा प्रकार सोडून यानं माझ्यासाठी पिचकारी आणली.

"असला का?" मी विचारलं.

तो जरा थांबला. तो थांबलेला मी टिपला. "वापरून तर बघा की, मामा," म्हणाला, आणि दाब किती ठेवायचा, रंग दुधाएवढा पातळ करायचा, काम झालं की लगेच धुवायचं, एवढं भराभरा सांगून गाडीला गेला.

मी रंग भरलाच नाही. आधी नुसता कंप्रेसर चालवून बघायचं ठरवलं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. तिसऱ्या दिवशी बघतो तर दाबाच्या काट्याखाली एक छोटी काचेची वाटी असते, तिच्यात पाणी! चमचाभर सहज. मी एक थेंब पाणी त्याच्या जवळ नेलं नव्हतं.

रविवारी दोघं जेवायला आले. वैशालीनं घरनं डबा आणला होता, ताटं मांडत होती. मी मल्लिनाथला आत नेऊन वाटी दाखवली. "हे काय?"

"ते हवेतलं पाणी हाय, मामा. हवा दाबली की पाणी सुटतंय. रंगात जाऊ नये म्हणून तर ती वाटी दिलीय. खालची पिन दाबा, निघून जातंय."

सोलापूरच्या हवेत पाणी! मी ओरडलोच. आपल्याकडं नळाला पाच-पाच दिवस पाणी येत नाही, सारं गाव पिंपं भरून ठेवतं, आणि याच्या मशीनला म्हणे हवेतनं येतं! "मग नळालाच जोड की तुझं मशीन," मी म्हणालो. "कुठंतरी पाण्यात पडलेलं पुसून आणलंयस. की कुणाच्या फ्रिजमधला काढून आत बसवलास? जुन्याचं नवं करून खपवायचं, तुझं सगळं तसलंच."

शेवटचं वाक्य तोंडातनं गेलं आणि शेजारच्या खिडकीतला रेडिओ बंद झाला. वैशाली भाकरी हातात घेऊन दारात उभी होती. तिनं डबा पुन्हा बांधला. जाताना एवढंच म्हणाली, "आई असती तर तुम्ही हे बोलला नसता, बाबा."

ते काही खरं नाही. तू असताना मी याहून वाईट बोललोय. तू फक्त नंतर जाऊन मिटवून यायचीस. कशी मिटवायचीस ते मला कधी सांगितलं नाहीस, हा माझा तुझ्यावरचा राग आहे.

अठरा दिवस वैशालीचा फोन नाही. मी केला तर घेतला नाही. घरात दिवसभर माणसाचा आवाज म्हणून नाही. पण माझं चुकलं असं मला अजून वाटत नव्हतं, हे तुला खरं सांगतो. मी पुरावा गोळा करत होतो. वाटी काढून पुसली, वाळवली, परत बसवली. मशीनच्या सांध्यावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली, म्हणजे मध्ये कुणी हात लावला तर कळेल. घरात मी एकटा. सील कुणासाठी करत होतो देव जाणे! पाऊस असला की पाणी यायचं. मधले दोन दिवस कडक ऊन पडलं तर वाटी जवळजवळ कोरडी. पट्टी शाबूत. आता पट्टीवर तर संशय घेता येईना.

पाचव्यांदा सात रस्त्याला गेलो. दुकानदारानं त्याच्याकडचा नवा कोरा कंप्रेसर माझ्यासमोर चालू केला. मी स्टूल घेऊन वाटीवर डोळे लावून बसलो. तासाभरानं तळाला पाणी चमकायला लागलं.

"काका, पावसाळ्यात येणारच की. न्हाई आलं तर काळजी करा."

"आणि सांध्यावर पांढरे डाग असले तर?"

"साबणाचा फेस लावला असेल कुणीतरी. हवा गळतीय का बघायला फ्रिजवाले लावतात. तुम्हाला द्यायच्या आधी एक-एक सांधा तपासून दिलाय म्हणजे. आम्ही एवढं करत नाही बघा."

म्हणजे चिकटपट्टीही त्यासाठीच कापलेली. मी तपासतो तसं त्यानंही तपासलं होतं, आणि मी त्याच्या तपासणीलाच चोरी ठरवली. पिस्तुलाचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "तसलं आमच्याकडं नसतंय. मुद्दाम मागवाय लागतं. का मागवलं ते मागवणाऱ्यालाच विचारा."

परवा मी रंग काढला. दुधाएवढा पातळ करायचा, पण कुठल्या दुधाएवढा? पिशवीच्या की तुझ्या वळसंगच्या म्हशीच्या? मग तुझीच युक्ती केली. तू पालथ्या ताटावर दुधाचा थेंब टाकून ताट तिरकं धरायचीस. मागं पांढरा माग राहिला तर दूध चांगलं, नुसताच घसरला तर दूधवाल्याची धडगत नाही. तसा रंगाचा थेंब टाकला. पहिला जागचा हलेना. थिनर घातलं. तिसरा थेंब माग सोडत खाली उतरला. तोंडाला मास्क, खिडकी उघडी, कंप्रेसरखाली जुन्या चादरीची घडी. काटा वीसच्या आत ठेवला, मूठ धरली आणि घोडा ओढला.

रेघ नाही, सुमन! एकसुद्धा नाही! पातळ-पातळ चार हात दिले, मध्ये वाळू दिलं, आणि खिडक्यांच्या कडेपर्यंत असा गुळगुळीत पांढरा बसला की मीच पुन्हा पुन्हा उजेडात धरून खोट शोधत होतो. सापडली नाही.

आणि तेव्हा माझ्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. सगळ्यात मोठा संशय, आणि तो तुझ्यावर. मला वाटलं, हे तूच केलंस. दवाखान्यात शेवटचे चार दिवस मल्लिनाथ तुझ्या उशाशी असायचा. तूच त्याला सांगितलं असणार, माझ्यामागं यांना असलं मशीन आणून द्या. तरीच! उगाच कोण आणतं? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जावयानं दिलेलं घ्यायचं नसतं, पण बायकोनं पाठवलेलं घ्यायला काय हरकत आहे? सगळं जागच्या जागी बसलं. माफी मागायलाही सोपं झालं.

आज सकाळी मीच फोन केला. म्हणालो, "मल्लिनाथ, मला कळलंय. सुमननं सांगितलं होतं ना तुला?"

"काय, मामा?"

"मशीनचं. दवाखान्यात."

"न्हाई की," तो म्हणाला. "मामींनी तसलं कायबी सांगितलं न्हाई."

मला पटेना. पुन्हा विचारलं. शपथ घे म्हणालो. घेतली. मग मी चिडून म्हणालो, "मग तुला काय पडलं होतं? आणि ती पिचकारीच का?"

तो पुन्हा थांबला, त्या दिवशीसारखा. मग हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुमच्या हातासाठी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेराव्याला तुमी मामींच्या फोटोला गंध लावत हुता. बोट टेकंना. मग तुमी दुसऱ्या हातानं मनगट धरला. मी बाजूलाच हुतो, बघितलो. पेनवाल्याला बोटाच्या टोकानं दाबून परत मागं ओढाय लागतंय, ते तुमाला जमलं नसतं. मूठ अख्ख्या पंजात बसती. हात हलला तरी रंगाला कळत न्हाई."

आता सांगतो तुला लपवलेलं. दोन वर्षं झाली हात थरथरायला लागून. पहिल्यांदा बँकेत कळलं. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, आणि त्या दिवशी काउंटरवरची मुलगी माझी सही जुन्या सहीशेजारी धरून बघत बसली. मी पेनाला शिव्या देऊन घरी आलो. तुझ्या त्या चुन्याच्या रेघा ब्रशच्या नव्हत्या, माझ्याच होत्या. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडं नेलं असतंस, आणि डॉक्टर काय सांगेल याची मला भीती वाटत होती. सगळ्या जगाचं लपलेलं शोधत फिरलो आणि स्वतःचं एवढंसं उघडं करायला घाबरलो.

मी त्याला विचारलं, "वैशालीला सांगितलंस?"

"न्हाई. तुमीच सांगितला न्हाईत, मी कसा सांगू?"

"मग एवढे दिवस..."

"ती माज्याशीच भांडायलीय," आणि हसला, सुमन, तो हसला! "म्हणती, बाबांना असलं पोरांचं खेळणं कशाला नेलास, नीट बघून घ्यायचं की. मी काय बोललो न्हाई. भांडून दमंल आपोआप."

माझ्याकडनं चोर म्हणवून घेतलं, बायकोची बोलणी खाल्ली, आणि माझा हात झाकून ठेवला. आणि हे तुझ्या सांगण्यावरनं नाही. त्याच्या त्याच्या मनानं. तुझ्या सांगण्यावरनं केलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! आता याला मी काय करू? कुठं ठेवू? मला 'घ्या हो, बरंय' म्हणायला कुणी नसताना हे घ्यायचंय.

आणखी एक विचारायचंय तुला, उत्तर मिळणार नाही तरी. तुझ्या शेवटच्या वर्षभरात तू मला चहा अर्धा कप द्यायला लागली होतीस. मी कुरकुर करायचो, माझ्याच घरात मला अर्धा चहा! मला वाटायचं दूध संपत आलंय आणि तू सांगत नाहीस. तू म्हणायचीस, "गार होतो हो. परत देते की." आणि परत अर्धा द्यायचीस. फोन ठेवल्यापासून मी तोच कप हातात घेऊन फिरतोय. तुला माहीत होतं ना? तुलाही माहीत होतं, आणि तूही बोलली नाहीस. विचारलं का नाहीस गं मला?

असो. शब्द देतो, ऐक. उद्या सकाळच्या गाडीनं अक्कलकोटला जातो. आधी त्याच्या दुकानात जाईन आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची माफी मागेन, कारण मी बोललो तेही चारचौघांत बोललो. मग त्याच्याबरोबर घरी जाईन. वैशालीला म्हणेन, चहा टाक, आणि माझा कप काठोकाठ भर. तो तिच्यासमोर उचलेन. हलू दे, बशीत सांडू दे, शर्टावर सांडू दे. मनगट धरणार नाही.

तुझा,
दत्तात्रय